अधांतरी रूळ

नव्या रोलर कोस्टरच्या पहिल्या चाचण्यांचा तो व्हिडिओ जेमतेम काही मिनिटांचा होता. रिकामी गाडी साखळीच्या आधाराने सावकाश वर गेली, माथ्यावर क्षणभर रेंगाळली, मोठ्या उतारावरून खाली झेपावली, पुढची टेकडी तिने सहज घेतली, त्यापुढची जेमतेम घेतली आणि तिसरीच्या माथ्याच्या थोडे अलीकडे तिचा वेग संपला. ती थांबली आणि मागे घसरू लागली. मागच्या टेकडीवर अर्ध्यापर्यंत चढली, पुन्हा पुढे आली, पुन्हा मागे गेली. दर खेपेला अंतर कमी होत गेले आणि शेवटी दोन टेकड्यांमधल्या खोलगट भागात ती निवांत उभी राहिली. व्हिडिओ काढणारा खो खो हसत होता. खाली हेल्मेट घातलेले दोन कामगार मान वर करून बघत होते. त्यांतल्या एकाने कमरेवर हात ठेवले आणि तसाच उभा राहिला. अपघात झाला नव्हता, कोणाला खरचटलेही नव्हते, आणि नव्या रोलर कोस्टरच्या चाचण्यांत गाडी अशी अडकणे हे काही नवल नाही. तरी ते दृश्य मनात खुपत राहिले. या बांधकामाकडे मी जमिनीत पहिली खुंटी ठोकली गेल्यापासून दुरून लक्ष ठेवून होते; थीम पार्कने लावलेला कॅमेरा, कुंपणाबाहेरून लोकांनी काढलेले फोटो, नकाशांचे कागद, जे मिळेल ते पाहत होते. इतक्या तयारीनंतरची पहिली धाव अशी खोलगटात येऊन विसावली, आणि मला वाईट वाटण्याऐवजी बरे वाटले. खुपत होते ते हेच.

रोलर कोस्टरला इंजिन नसते हे सगळ्यांना ठाऊक असते, पण गाडीत बसल्यावर ते कोणाच्याही ध्यानात राहत नाही. साखळीने वर नेऊन एकदा जी उंची दिली, तेवढ्या भांडवलावर पुढची सगळी फेरी निभवायची. ५० मीटरचा उतार असेल तर तळाशी ताशी सुमारे ११३ किलोमीटर वेग मिळतो, तोही घर्षण आणि वारा जमेस धरला नाही तर; त्याहून अधिक वेग कोणत्याही कंपनीला, कितीही पैसे ओतले तरी, त्या उतारातून काढता येत नाही. तिथून पुढे फक्त खर्च. थंड सकाळी बेअरिंगमधले ग्रीस घट्ट असते, चाकांवरचे पॉलियुरेथेनचे, म्हणजे कडक रबरासारख्या प्लास्टिकचे, आवरण तापलेले नसते, नवे भाग अजून एकमेकांना सरावलेले नसतात, आणि गाडी रिकामी म्हणजे हलकी असल्यामुळे समोरचा वारा तिला लवकर दमवतो. तीच गाडी माणसांनी भरून उन्हाळ्याच्या संध्याकाळी सोडली तर तोच रूळ ती कितीतरी वेगाने कापते. कोस्टरवर काम करणाऱ्यांना आणि नेहमी बसणाऱ्यांना सकाळच्या फेरीतला आणि संध्याकाळच्या फेरीतला फरक अंगानेच कळतो. आराखडा करणाऱ्याला ही दोन्ही टोके सांभाळावी लागतात. गारठलेल्या रिकाम्या गाडीने शेवटची टेकडी ओलांडली पाहिजे आणि तापलेल्या भरल्या गाडीने कोणाच्या मानेला हिसका देता कामा नये. या दोहोंमधली पट्टी किती अरुंद आहे, हे त्या खोलगटात थांबलेल्या गाडीने मला पहिल्यांदा उघड दाखवले.

बांधकामाची चाहूल लागते ती कागदांतून. अमेरिकेत २०० फुटांहून उंच काही उभारायचे असेल तर नागरी विमान वाहतुकीच्या यंत्रणेला आधी कळवावे लागते, आणि ती नोंद कोणालाही पाहता येत असल्यामुळे थाटामाटाच्या घोषणेआधीच उंचीचा आकडा फुटतो. इंग्लंडमध्ये स्थानिक नियोजन विभागाकडे अर्ज करावा लागतो; त्याला जोडलेल्या नकाशांत खांबांच्या जागा, आवाजाचा अंदाज, कोणत्या बाजूने काय दिसेल याची चित्रे, तोडाव्या लागणाऱ्या झाडांची यादी, सगळे असते. हे कागद वाचणाऱ्यांची एक स्वतंत्र जात आहे. बाहेरच्याला जिथे ठिपक्यांची रांगोळी दिसते, तिथे त्यांना इथे पूर्ण पलटी, इथे तिरके वळण, इथे जमिनीला घासून जाणारा भाग असे सगळे दिसते, आणि एकेका ठिपक्यावरून त्यांचे वाद रंगतात. मला त्यांचे सगळेच पटते असे नाही. रुळाच्या रंगाची छटा घोषणेतल्या चित्राशी जुळत नाही म्हणून दोन दिवस भांडणारी माणसे पाहिली की हसू येते. पण नियमांचे हे कागद रटाळ असतात, असे मात्र मी म्हणणार नाही. इंग्लंडमधल्याच ऑल्टन टॉवर्स या थीम पार्कमध्ये झाडांच्या शेंड्यांवर काही दिसता कामा नये अशी अट होती. वर जायला मनाई, म्हणून त्यांनी सुरुंग लावून खडक फोडला आणि कोस्टर खाली नेला. १९९४ साली सुरू झालेला नेमेसिस हा तो कोस्टर. तिथे रुळाखाली टांगलेल्या आसनांतून पाय अधांतरी लोंबकळत असताना बाजूने खडकाच्या भिंती सरकतात. त्याची जमिनीवरची उंची जेमतेम १३ मीटर आहे, आणि त्याहून कितीतरी उंच कोस्टर त्याच्याइतके लोकांच्या लक्षात राहिलेले नाहीत. मोकळी जागा आणि मोकळी परवानगी मिळाली असती तर तो असा झाला असता असे मला वाटत नाही.

कागदांनंतर येतो तो पायाचा काळ, आणि त्यात बहुतेक बघे गळतात. महिनोन् महिने कॅमेऱ्यात चिखल, खड्डे, पंप आणि काँक्रीटचे ट्रक यांखेरीज काही दिसत नाही. मला मात्र हाच काळ सर्वांत आवडतो. या रोलर कोस्टरच्या पायाचा एक फोटो कोणीतरी अगदी जवळून काढला होता. खड्ड्यात सळयांचा पिंजरा. पिंजऱ्याच्या डोक्यावर मनगटाएवढ्या जाडीचे बोल्ट गोलाकार उभे. ते जागचे हलू नयेत म्हणून त्यांच्यात अडकवलेला भोकांचा पोलादी साचा. आणि प्रत्येक बोल्टच्या आट्यांवर घट्ट गुंडाळलेली चिकटपट्टी, ओतताना काँक्रीटचा एक शिंतोडाही तिथे बसू नये म्हणून. एका बोल्टची पट्टी थोडी सुटली होती आणि कोणीतरी तिच्यावर दुसरी, वेगळ्या रंगाची पट्टी मारली होती. शेजारी तिपाईवर मोजणीचे यंत्र. पुढे हवेत, पंधरा मजली उंचीवर, रुळाच्या दोन टोकांची भोके एकमेकांसमोर यायची असतील तर ती इथे, चिखलात, आधी जुळावी लागतात. काँक्रीटला पूर्ण ताकद धरायला २८ दिवस द्यायचे हा तर बांधकामातला जुना रिवाज, त्यातून कोणाचीही सुटका नाही. खांब आल्यावर त्यांच्या तळपट्टीखाली पाचरी सारून उंची नेमकी करतात आणि उरलेल्या फटीत ग्राउट, म्हणजे सिमेंटचे पातळ मिश्रण, भरतात. लोक रांगेत उभे राहतील तेव्हा यातले काहीही दिसणार नाही. खांबाच्या बुडाशी राखाडी कडा तेवढी दिसेल, आणि तिच्याकडे कोणी पाहणार नाही.

मग ट्रेलरवरून रूळ येऊ लागतात. ते प्रत्यक्ष रोलर कोस्टरसारखे अजिबात दिसत नाहीत. मोकळ्या जागेत लाकडी ओंडक्यांवर ठेवलेले ते पिळवटलेले तुकडे पाहून कोणता भाग वरचा आणि कोणता खालचा हेच कळत नाही. मला तर ते मोडून पडलेल्या कोस्टरचे अवशेष वाटले होते. प्रत्येकावर क्रमांक रंगवलेला असतो, कारण दिसायला सारख्या वाटणाऱ्या दोन तुकड्यांचा पीळही वेगळा असतो. त्या पिळात फार मोठा इतिहास आहे. १८९५ साली न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर फ्लिप फ्लॅप नावाचा कोस्टर सुरू झाला, त्यात उभे चक्र होते, आणि ते चक्क वर्तुळ होते. वर्तुळ काढायला सोपे, पण अंगाला फार महाग. माथ्यावर माणूस आसनातून सुटू नये एवढा किमान वेग धरला तरी शुद्ध वर्तुळाच्या तळाशी अंगावर स्वतःच्या वजनाच्या सहापट भार येतो, आणि तोही सपाट रुळावरून आत शिरताक्षणी, एका झटक्यात. बसणाऱ्यांच्या माना त्याची साक्ष देत. उभ्या चक्राचा प्रश्न नीट सुटायला त्यानंतर कित्येक दशके जावी लागली. अभियंता वेर्नर स्टेंगेल यांच्या गणिताने आणि आंटोन श्वार्ट्सकोप्फ यांच्या कारखान्यातून आलेल्या पोलादाने १९७६ साली कॅलिफोर्नियाच्या मॅजिक माउंटन पार्कमध्ये जे उभे चक्र बसवले, ते उलट्या थेंबाच्या आकाराचे होते. तळाशी ऐसपैस, माथ्याकडे आवळत जाणारे. रेल्वेच्या वळणांना ज्या जातीची वक्ररेषा वापरतात, तीच इथे उभी केली होती. भार त्यात हळूहळू चढतो आणि हळूहळू उतरतो. आज जवळजवळ कोणत्याही चक्राकडे पाहिले तरी तोच थेंब दिसतो, आणि आपण तो शोभेसाठी असावा असे समजून पुढे जातो.

तुकडा वर चढवण्याचे काम मी कॅमेऱ्यातून पुष्कळदा पाहिले आहे. क्रेनच्या आकड्याला पट्टे बांधतात तेव्हा सगळ्यांची लांबी मुद्दाम कमीजास्त ठेवतात, म्हणजे तुकडा उचलल्यावर जमिनीशी समांतर न राहता थेट वरच्या जागेला जुळेल अशा तिरप्या अवस्थेत अधांतरी राहतो. खालून एक जण दोरी धरून त्याला वाऱ्यात गरगरू देत नाही. वर, यांत्रिक पाळण्यात उभे असलेले दोघे त्याची वाट बघत असतात. तुकडा जवळ आला की ते त्याला हाताने ओढून घेतात, आणि कित्येक टन पोलाद हाताच्या हलक्या दाबाला मान देते हे पाहताना अजूनही नवल वाटते. भोके जवळजवळ समोरासमोर आली की एक जण निमुळती पोलादी खुंटी आत सारून हातोड्याने ठोकतो. उरलेल्या केसभर अंतराचा निकाल ती लावते. मग बोल्ट, मग पाना, मग पुन्हा पाना. क्रेन मोकळी होईपर्यंत बराच वेळ जातो, आणि कॅमेऱ्यावर त्या सबंध वेळात काहीच घडत नसल्यासारखे दिसते.

संध्याकाळी काम थांबते तेव्हा रुळाचे टोक आभाळात उघडे राहते.

या अवस्थेतले फोटो मी जपून ठेवले आहेत. एकदा का फेरा पूर्ण जुळला की रोलर कोस्टर ही एक वस्तू होते, तिला नाव असते, चिन्ह असते, दुकानात तिच्या टोप्या मिळतात. जुळण्याआधी मात्र ते निव्वळ काम असते, आणि काम बघत बसण्यासारखे सुख थोडे. शेवटचा तुकडा बसवताना पोलादही आपला हट्ट दाखवते. १०० मीटर लांबीच्या रुळात तापमान २० अंशांनी बदलले तर लांबीत सुमारे २४ मिलिमीटरचा फरक पडू शकतो; म्हणून गणितात, सांध्यांत आणि खांबांच्या लवचिकपणात त्याला आधीच जागा ठेवलेली असते, आणि तरीही शेवटच्या जोडणीच्या वेळी खालचे सगळे वर बघत उभे असतात. त्या दिवशी मीही हातातले काम सोडून बघत होते. कोणी टाळ्या वाजवल्या की नाही ते कळले नाही, कारण त्या कॅमेऱ्याला आवाज नव्हता.

चाचण्या सुरू झाल्याचे जाहीर होण्याआधीच जाणकारांना त्याचा सुगावा लागला होता, तोही मजेदार रीतीने. नव्या रुळावर सर्वत्र सारखा रंग असतो, चाके फिरतात त्या पट्टीवरसुद्धा. पहिल्या काही फेऱ्यांतच तिथला रंग घासून जातो आणि खालचे पोलाद चमकू लागते. कोणीतरी सकाळच्या उन्हात लांबून काढलेल्या फोटोत ती बारीक राखाडी रेघ हेरली: रात्री गाडी सोडून पाहिली होती. त्याआधी गाडीच्या भोवती सांगाडा बांधून, तिला तारेने हळूहळू ओढत सगळा फेरा फिरवून, माणसाचा हात किंवा पाय जिथवर पोहोचू शकेल तिथे एखादा खांब आडवा येत नाही ना हे तपासलेले असते. पुढे आसनांवर पाण्याने भरलेले प्लास्टिकचे धड बसवतात. डोके नाही, हात नाहीत, खांद्यावर मात्र माणसांसाठीचीच कुलपे. त्यांना घेऊन गाडी दिवसभर फिरत राहते, आणि एवढ्या प्रचंड यंत्रातून एकही किंकाळी ऐकू येत नाही. फक्त चाकांची घरघर, आणि चढणीवर टकटक. त्या टकटकीची गंमत अशी की तिने भल्याभल्यांच्या पोटात गोळा येतो, पण ती आहे भरवशाची. साखळी तुटली तर गाडी मागे येऊ नये म्हणून गाडीखालचा खटका रुळाला लावलेल्या पोलादी दात्यांवरून एकेक पाऊल चढत असतो, त्याचा तो आवाज. रुळाखालून पकडणाऱ्या चाकांचेही तसेच. कोस्टर आखणारे अमेरिकी अभियंता जॉन मिलर यांनी १९१९ साली त्यांचे पेटंट घेतले, आणि तिथून उतार खऱ्या अर्थाने उभे होऊ लागले, कारण गाडी आता रूळ सोडून उडू शकत नव्हती. पेनसिल्वेनियातला १९०२ सालचा लीप द डिप्स हा कोस्टर अजून उभा आहे. त्याला खालची चाके नाहीत, म्हणून त्याच्या टेकड्याही बुटक्याच आहेत. आणि त्याआधी, १८८४ साली, लामार्कस थॉम्पसन यांनी कोनी आयलंडवर जो घसरता लोहमार्ग सुरू केला, तो ताशी दहा किलोमीटरच्या आसपास चाले. भीती एवढी वाढवता आली ती धोका एकेक करून काढून टाकणाऱ्या माणसांमुळे. हे लक्षात आल्यापासून मला किंकाळ्यांपेक्षा खटके आणि बोल्ट यांचेच अधिक वाटते.

त्या अडकलेल्या गाडीबद्दल बरे का वाटले, याचा उलगडाही मला इथेच थोडासा झाला. तिने कोणाचेच ऐकले नव्हते; जाहिरातीचे नाही, उद्घाटनाच्या तारखेचे नाही, माझ्यासारख्या वाट पाहणाऱ्यांचे तर नाहीच. तिच्याजवळ जेवढी उंची होती तेवढी तिने खर्च केली आणि थांबली. दुसऱ्या दिवशी तारेने ओढून तिला टेकडीपार नेले. नंतर वजन भरले, चाके बदलली असेही ऐकले, आणि ती धावू लागली. अर्थात हे सगळे दुरून पाहणाऱ्या बाईचे समाधान आहे. कमरेवर हात ठेवून उभ्या असलेल्या त्या कामगाराच्या मनात त्या वेळी वेगळेच काही चालले असणार.

उद्घाटन झाल्यावर माझा उत्साह ओसरला, हेही नमूद केले पाहिजे. पहिल्या दिवसाच्या चित्रफितींत चेहरेच चेहरे होते. त्या लोकांनी मजा करावी यासाठीच तर हे सगळे होते, आणि तरी आपल्या घरात परकी माणसे शिरल्यासारखी एक क्षुद्र भावना मनात आली, ज्या घरात माझी एक वीटही नाही. विक्रमांच्या शर्यतीने तर मला पूर्वीपासूनच कंटाळा येतो. न्यू जर्सीतला ‘किंगडा का’ नावाचा कोस्टर २००५ साली आला तेव्हा १३९ मीटर उंची आणि ताशी २०६ किलोमीटर वेग या दोन्ही बाबतींत जगात पहिला होता; २८ फेब्रुवारी २०२५ रोजी स्फोटके लावून तो पाडला, आणि आता सौदी अरेबियात किद्दिया येथे, कड्याच्या आधाराने उभारलेल्या फाल्कन्स फ्लाइटचे १९५ मीटर आणि २५० किलोमीटर हे आकडे बोलले जातात. उद्या तेही मागे पडतील. त्यापेक्षा कॅनडातल्या क्रिस्टल बीच पार्कची हकिगत मला मोलाची वाटते. तिथला १९२७ सालचा सायक्लोन हा कोस्टर इतका रानटी होता की फलाटावर परिचारिका ठेवावी लागे. १९४६ साली तो उतरवला, त्याचे पोलाद वापरून १९४८ साली कॉमेट नावाचा नवा कोस्टर उभारला, आणि ते पार्क बंद पडल्यावर कॉमेट सुटा करून न्यूयॉर्क राज्यातल्या दुसऱ्या पार्कात नेला, जिथे तो १९९४ पासून चालतो आहे. एकाच पोलादाने लोकांना आधी बेशुद्ध होईपर्यंत घाबरवले आणि मग पिढ्यान् पिढ्या हसवले. फरक पडला तो फक्त वळणे आखणाऱ्याच्या हातामुळे.

बांधकाम संपले असे आपण म्हणतो, पण रोलर कोस्टरचे ते संपत नाही. रोज सकाळी दारे उघडण्याआधी कोणीतरी रुळाच्या कडेने चालत जाते, बोल्टांवर मारलेल्या खुणेची रेघ सरळ आहे की नट फिरून ती तुटली आहे हे बघते, मग रिकाम्या गाड्या सोडल्या जातात. लाकडी कोस्टरच्या फळ्या दर हंगामात थोड्या थोड्या बदलत जातात. पार्क बंद असते त्या महिन्यांत गाड्या पूर्ण सुट्या करतात; चाकांच्या अक्षांवरचा रंग काढतात, त्यांना चुंबकत्व देऊन त्यांच्यावर लोखंडाची बारीक भुकटी सोडतात, आणि डोळ्यांना न दिसणारी भेग असेल तर भुकटी तिच्याशी गोळा होऊन तिला उघडी पाडते. या रोलर कोस्टरची अशी पहिली उलगड येत्या हिवाळ्यात व्हायची आहे. पार्कने कॅमेरा उद्घाटनानंतर काढून टाकला, कारण त्यांच्या लेखी बघण्यासारखे काही उरलेले नाही. कुंपणाबाहेरून फोटो काढणाऱ्यांपैकी कोणाला कार्यशाळेचे दार उघडे सापडले, तर टेबलावर मांडलेल्या अक्षांचा एक फोटो, शक्य तेवढ्या जवळून, त्यांनी जरूर काढावा.